नळीबंद विद्युत् तारकाम, वऱ्हाडातील

इमारतीतील विजेच्या तारा उघड्यावर न ठेवता पोलादाच्या अथवा प्लॅस्टिकच्या नळीतून नेण्याच्या पद्धतीस नळीबंद तारकाम म्हणतात. व्यवहारात ही पद्धत ‘कंड्युइट वायरिंग’ या नावाने ओळखली जाते. नळीमुळे तारांचे आघात, ओल, कृमिकीटक व उंदीर यांपासून रक्षण होते, तारेत ठिणगी पडल्यास ती नळीतच कोंडली जाते आणि जुनी तार काढून नवी ओवता येते. मात्र तारा एकत्र कोंडल्यामुळे त्यांची उष्णताही कोंडली जाते. म्हणूनच निरनिराळ्या जाडीच्या व निरनिराळ्या मंडलांच्या तारा एकाच नळीतून न्याव्यात की नाही, हा प्रश्न या पद्धतीच्या आरंभापासून तारतंत्र्यांपुढे आहे. अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांत कडक उन्हाळा, कापसावर चालणारे उद्योग, जुनी माती-लाकडाची घरे आणि फुगणारी काळी जमीन यांमुळे या प्रश्नाला विशेष महत्त्व आलेले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : विजेचे दिवे १८८० नंतरच्या दशकात युरोप व अमेरिकेत घरोघरी येऊ लागले, तेव्हा तारा खोबणी पाडलेल्या लाकडी पट्ट्यांतून नेऊन वरून लाकडाचे झाकण बसवीत. ओल शिरल्यास लाकूड वीजवाहक बनते आणि ठिणगी पडल्यास जळते, हा या पद्धतीचा मोठा दोष होता. त्यामुळे आगी लागू लागल्या व विमा कंपन्यांचे तिकडे लक्ष गेले. इंग्लंडमधील तारायंत्र व विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेने १८८२ मध्ये विद्युत् प्रकाशामुळे लागणाऱ्या आगी टाळण्यासाठी नियम प्रसिद्ध केले, तर अमेरिकेतील राष्ट्रीय विद्युत् संहिता १८९७ मध्ये तयार झाली. याच सुमारास डांबरात भिजविलेल्या कागदाच्या नळ्या वापरात आल्या. पुढे त्यांवर पितळेचे वा लोखंडाचे आवरण आले आणि अखेरीस आटे पाडलेल्या पोलादी नळ्या रूढ झाल्या. नळीबंद तारकामाची कल्पना अशा रीतीने सोयीतून नव्हे, तर आगीच्या भीतीतून जन्मली.

भारतात विजेच्या पुरवठ्यासंबंधीचा अखिल भारतीय कायदा १९०३ मध्ये झाला व त्याची जागा १९१० च्या भारतीय विद्युत् अधिनियमाने घेतली. वऱ्हाड त्या वेळी निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतलेला (१९०२) व मध्य प्रांताच्या प्रशासनास जोडलेला (१९०३) प्रदेश होता. मुंबई–नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाल्यापासून हा प्रदेश कापसाच्या व्यापाराचे मोठे केंद्र बनला होता. स्वातंत्र्यपूर्व काळापासून अमरावती व अकोला या शहरांना खाजगी परवानाधारक कंपन्या वीज पुरवीत. विद्युत् (पुरवठा) अधिनियम १९४८ मध्ये झाल्यावर प्रांतोप्रांती विद्युत् मंडळे स्थापन झाली. वऱ्हाड १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर जून १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ अस्तित्वात आले. अकोला जिल्ह्यातील पारस येथील औष्णिक वीज केंद्राचा ३० मेगॅवॉटचा पहिला संच १९६१ मध्ये सुरू झाला, दुसरा १९६७ मध्ये. यानंतर वऱ्हाडातील लहान गावे, विहिरींवरील पंप आणि कापसाचे कारखाने यांत वीज झपाट्याने पसरली. तिच्याबरोबर तारकामाचे प्रमाण वाढले व त्यातील दोषही वाढले.

जुन्या घरांतील तारकाम : वऱ्हाडातील जुनी घरे व वाडे मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या जाड भिंतींचे, सागवानी खांब-तुळयांचे आणि पुष्कळदा मातीच्या माळवदाचे असत. अशा भिंतीत खाच पाडून नळी बसविणे अवघड होते. त्यामुळे वीज आली ती प्रथम चिनी मातीच्या गुटक्यांवरील उघड्या ओळींनी, खोबणीच्या लाकडी पट्ट्यांतून आणि नंतर सागवानी पट्टीवर पत्र्याच्या चिमट्यांनी बसविलेल्या रबरी आवरणाच्या तारांनी. या पद्धतींत प्रत्येक तार वेगळी दिसे व तिची उष्णता हवेत निघून जाई. पण व्हल्कनीकृत रबराचे आवरण उष्णतेने कडक होऊन तडकते आणि माळवदाखालच्या लाकडाजवळून गेलेली तडकलेली तार आगीस निमंत्रण देते. त्यामुळे १९६० नंतर सिमेंट-काँक्रीटची घरे बांधली जाऊ लागताच नळी हा सुरक्षित पर्याय मानला गेला. प्रथम ती भिंतीवरून आणि पुढे भिंतीच्या आतून व स्लॅबमधून नेली जाऊ लागली.

कापसाचे कारखाने : सरकी काढण्याचे (जिनिंग) व गासड्या बांधण्याचे (प्रेसिंग) कारखाने हा वऱ्हाडातील सर्वांत जुना यंत्रोद्योग. अकोल्यास सावतराम रामप्रसाद गिरणी, तर अचलपुरास विदर्भ मिल अशा सूतगिरण्याही उभ्या राहिल्या. आरंभी हे कारखाने वाफेच्या एंजिनावर चालत व एका लांब दांड्यावरून पट्ट्यांनी सर्व यंत्रे फिरविली जात. विजेची चलित्रे आल्यावर प्रत्येक यंत्राला वेगळे चलित्र जोडता आले. पट्टे गेले, पण यंत्रागणिक तारांचे जाळे आले. रुईचे तंतू हवेत तरंगतात व तारांवर, खटक्यांवर आणि दिव्यांवर साचतात. सैल जोडातील एक ठिणगीही त्यांना पेटविण्यास पुरेशी असते व पेटलेली रुई आतल्या आत धुमसत राहते. म्हणून अशा जागी तारा पोलादी नळीत, जोड बंद पेट्यांत आणि खटके धूळरोधी आवरणात असणे अत्यावश्यक ठरते. चलित्रांच्या जाड तारा आणि त्याच छपराखालच्या दिव्यांच्या बारीक तारा एकाच नळीतून न्याव्यात की स्वतंत्र, हा प्रश्न या प्रदेशात प्रथम अशा कारखान्यांतच व्यवहाराचा बनला.

एकत्र नेण्यासंबंधीची तत्त्वे : निरनिराळ्या जाडीच्या तारा एका नळीत असणे हे मुळातच निषिद्ध नाही. साध्या दिव्याच्या मंडलातही भूसंपर्काची तार इतर तारांहून वेगळ्या जाडीची असू शकते. मात्र त्यासाठी पुढील बाबी पाहाव्या लागतात.

पहिली बाब जागेची. नळीतील सर्व तारांचे आवरणांसह एकूण छेदक्षेत्रफळ नळीच्या आतील छेदक्षेत्रफळाच्या सु. ४०% हून अधिक असू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. अमेरिकेच्या संहितेत तीन वा अधिक तारांसाठी हेच प्रमाण दिलेले आहे. यापेक्षा अधिक भरणा केल्यास तारा ओढताना आवरण सोलवटते. जाड तार ताठ असल्याने वळणावर ती बारीक तारेला नळीच्या भिंतीवर दाबते. म्हणून भिन्न जाडीच्या तारा एकामागून एक न ओढता एकाच वेळी, सरळ जुडीने ओढतात.

दुसरी बाब उष्णतेची असून ती अधिक महत्त्वाची आहे. तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणात असते. १० चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेतून ५० अँपिअर प्रवाह गेल्यास दर मीटरला सु. ४.६ वॉट, तर १.५ चौ. मिमी. तारेतून १० अँपिअर गेल्यास सु. १.२ वॉट उष्णता निघते. एकटी असताना बारीक तार थंड राहील. पण जाड तारांच्या जुडीत सापडल्यावर शेजारणींची उष्णता तिला सोसावी लागते. एकत्र नेलेल्या मंडलांची संख्या वाढेल तसा प्रत्येकाचा अनुज्ञेय प्रवाह घटवावा लागतो. आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगाच्या मानकानुसार सारख्या आकाराच्या दोन मंडलांसाठी ०.८०, तिनांसाठी ०.७० व चारांसाठी ०.६५ हे गुणक आहेत. क्रमाने लागून येणाऱ्या तीन प्रमाण आकारांपर्यंतचा फरक असल्यास (उदा., १.५, २.५ व ४ चौ. मिमी.) तारा सारख्याच समजतात. फरक त्याहून मोठा असल्यास मंडलांची संख्या न धरून १/√न हा अधिक कडक गुणक सुरक्षित मानतात. तीन मंडलांसाठी तो सु. ०.५८ येतो.

तिसरी बाब सभोवतालच्या तापमानाची. पीव्हीसी आवरणाच्या तारेचे तापमान ७०° से. च्या वर जाऊ नये अशी अपेक्षा असते. आंतरराष्ट्रीय मानकातील प्रवाहाचे आकडे ३०° से. तापमानाच्या हवेसाठी दिलेले आहेत. अकोला व अमरावती येथे एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे कमाल तापमान ४५° से. च्या आसपास व कधी त्याहूनही वर जाते. तापलेल्या स्लॅबमध्ये पुरलेल्या नळीच्या बाबतीत परिस्थिती याहूनही बिकट असते. ४५° से. साठीचा गुणक ०.७९ आहे. एक १.५ चौ. मिमी. व दोन १० चौ. मिमी. तारांची अशी तीन एककला मंडले एका नळीत नेली, तर मानकाप्रमाणे १७.५ अँपिअर वाहू शकणाऱ्या बारीक तारेची क्षमता १७.५ × ०.७९ × ०.५८ म्हणजे केवळ सु. ८ अँपिअर उरते. ५७ अँपिअरच्या जाड तारेची क्षमताही सु. २६ अँपिअरवर येते. या सहा तारा २५ मिमी. व्यासाच्या नळीत जागेच्या दृष्टीने स्थूलमानाने बसतात. नळीत तार शिरली म्हणजे ती चालेल, असा जो समज रूढ आहे तो किती फसवा आहे, हे यावरून दिसून येते.

चौथी बाब दाबाची. नळीतील सर्व तारांचे निरोधन तेथील सर्वांत अधिक दाबास पुरेसे असले पाहिजे. पूर्वी २५० व्होल्ट व ६५० व्होल्ट अशा दोन प्रतींच्या तारा मिळत. दिव्यासाठी घेतलेली २५० व्होल्ट प्रतीची तार त्रिकला चलित्राच्या ४०० व्होल्ट दाबाच्या तारांसोबत ओवणे धोक्याचे होते. पुढे ११०० व्होल्ट प्रतीच्या तारा सर्रास वापरात आल्याने हा धोका पुष्कळ कमी झाला. दूरध्वनी व घंटा यांच्या तारा मात्र वेगळ्याच नळीतून नेणे आवश्यक असते.

पाचवी बाब चुंबकीय आहे. पोलादी नळीतून प्रत्यावर्ती प्रवाहाची एकच तार नेल्यास नळीच्या भिंतीत भोवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होऊन ती तापते. एकदिश प्रवाहाच्या काळात दोन तारा दोन नळ्यांतून नेता येत. प्रत्यावर्ती प्रवाहात मात्र एका मंडलाच्या सर्व कला-तारा व उदासीन तार एकाच नळीत असाव्या लागतात, म्हणजे त्यांची चुंबकीय क्षेत्रे परस्परांना निष्प्रभ करतात. येथे एकत्र नेणे ही केवळ सवलत राहत नाही, तर तो नियमच ठरतो.

सहावी बाब संरक्षणाची. प्रत्येक मंडलाची वितळतार अथवा स्वयंचलित खटका त्या मंडलातील सर्वांत बारीक तारेला अनुरूप असावा लागतो. जाड तारेच्या मंडलावरून बारीक तारेचा फाटा काढला आणि वितळतार जाड तारेसाठीचीच ठेवली, तर दोषाच्या वेळी बारीक तारच वितळतारेचे काम करते व तेही भिंतीच्या आत.

नियम व मानके : भारतीय विद्युत् नियम, १९५६ यांनी तारकाम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच व प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करविण्याचे बंधन घातले, तसेच उदासीन तारेत खटका वा वितळतार न ठेवण्याचे व भूसंपर्काचे नियम घालून दिले. या नियमांची जागा पुढे केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१० च्या व नंतर २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांनी घेतली. तारकामाच्या पद्धतीसंबंधी भारतीय मानक ७३२ असून त्याच्या १९६३, १९८९ व २०१९ या आवृत्त्या महत्त्वाच्या होत. राष्ट्रीय विद्युत् संहिता १९८५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. दिवे-पंख्यांची मंडले आणि शक्तिमंडले वेगळी ठेवावीत, दिव्यांच्या एका उपमंडलावर साधारणतः १० बिंदू वा ८०० वॉटपेक्षा अधिक भार नसावा, ही शिस्त भारतीय व्यवहारात बरीच जुनी आहे. ती पाळल्यास जाड-बारीक तारांच्या संगतीचा प्रश्न बहुतांशी उद्भवतच नाही.

तारांच्या मापांतील बदल : जुने तारतंत्री तारेचे माप इंग्रजी क्रमांकांनी सांगत. ‘१/१८’ म्हणजे १८ क्रमांकाची एक तार, ‘३/२२’ म्हणजे २२ क्रमांकाच्या तीन तारांचा पीळ, ‘७/२२’ म्हणजे सात तारांचा. दशमान पद्धती आल्यावर १, १.५, २.५, ४ चौ. मिमी. ही मापे आली. जुनी व नवी मापे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. ३/२२ चा छेद सु. १.२ चौ. मिमी. व ७/२२ चा सु. २.८ चौ. मिमी. भरतो. १९६० नंतर तांब्याच्या टंचाईमुळे ॲल्युमिनियमच्या तारांचा प्रसार झाला. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सु. १.६ पट असल्याने तेवढ्याच प्रवाहासाठी जाड तार घ्यावी लागे व तीच जुन्या नळीत दाटीवाटीने भरली जाई. शिवाय ॲल्युमिनियमवर ऑक्साइडाचा थर बसतो, दाबाखाली ते हळूहळू सरकते आणि तांब्याशी केलेला त्याचा जोड सैल होऊन तापतो. पुढे घरगुती तारकामात तांबे पुन्हा रूढ झाले. तथापि जुन्या घरांत एकाच नळीत तीन पिढ्यांच्या तारा आढळू शकतात.

पोलादाकडून प्लॅस्टिककडे : पोलादी नळी गंजते, महाग पडते व तिला आटे पाडण्यास कसब लागते. त्यामुळे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पीव्हीसी नळ्यांनी तिची जागा घेतली. यात एक सूक्ष्म धोका दडलेला होता. जुन्या कामात अखंड पोलादी नळीच पुष्कळदा भूसंपर्काचा मार्ग म्हणून उपयोगी पडे. दुरुस्तीच्या वेळी मधला तुकडा प्लॅस्टिकचा बसविला व स्वतंत्र भूसंपर्क तार घातली नाही, तर त्यापुढील सर्व धातूची उपकरणे भूसंपर्काविना राहतात आणि हे बाहेरून मुळीच दिसत नाही.

स्थानिक भूमीचाही येथे संबंध येतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील क्षारयुक्त जमिनीत वीज सहज वाहते, परंतु भूसंपर्काच्या पट्ट्या व लोखंडी नळ्या लवकर गंजतात. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे भिंतींना तडे जाऊन त्यांतील नळीचे सांधे निसटतात आणि आतील तारांना ताण बसतो. म्हणून या भागात भूसंपर्काचा रोध नियमितपणे मोजणे विशेष अगत्याचे ठरते.

वाढता भार : वऱ्हाडातील घरांच्या तारकामाची खरी कसोटी उन्हाळ्यात लागते. वाळ्याच्या पडद्यांची जागा विजेच्या कूलरने घेतली व त्यामागोमाग वातानुकूलन यंत्रे आली. दोन दिवे व एक पंखा यांसाठी घातलेल्या नळीतून शक्तिमंडलाची तार ओवण्याचा मोह येथे होतो. भिंत फोडावी लागत नाही आणि खर्च वाचतो. मात्र जेव्हा हवा सर्वांत तप्त असते, तेव्हाच यंत्रांचा भार सर्वांत अधिक असतो. म्हणजे तारेची क्षमता सर्वांत कमी असण्याची आणि तिच्याकडून सर्वाधिक मागणी होण्याची वेळ एकच असते. आवरण एका दिवसात जळत नाही. ते प्रत्येक उन्हाळ्यात थोडे थोडे कडक होत जाते आणि काही वर्षांनी एखाद्या वळणावर तडकते. कूलरच्या बाबतीत पाण्याची भर पडते. ओला पत्रा, ओली जमीन व भूसंपर्काचा अभाव ही तिन्ही एकत्र आली की साध्या दोषानेही प्राण जातो. विदर्भात कूलरच्या धक्क्याने मृत्यू झाल्याच्या बातम्या उन्हाळ्यात वारंवार येतात. भूसंपर्काची अखंड तार आणि गळती-प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा खटका हे यावरचे दोन परिणामकारक उपाय होत.

प्रशिक्षण : तारतंत्री हा औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील जुना व मागणी असलेला व्यवसाय आहे. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ मध्ये स्थापन झाले. विद्युत् निरीक्षकांचे शासकीय कार्यालय मोठ्या स्थापनांची तपासणी करते. घरगुती तारकाम मात्र बहुधा एकदा जोडणी मिळाल्यानंतर पुन्हा तपासले जात नाही. निरोधनाचा रोध मोजण्याचे साधे उपकरण वापरून ठराविक काळाने केलेली तपासणी भिंतीआडचा पुष्कळसा दोष वेळीच उघड करू शकते.

विद्युत् तारकामाचा वऱ्हाडातील इतिहास हा लाकडी पट्टीकडून पोलादी नळीकडे व तेथून प्लॅस्टिककडे झालेल्या प्रवासाचा इतिहास आहे. साहित्य बदलले तरी मूळ तत्त्व बदललेले नाही. नळी तारेचे बाहेरच्या जगापासून रक्षण करते, पण तिच्या सोबतिणींपासून करू शकत नाही. ते रक्षण आकार, भार व तापमान यांचा हिशेब करूनच साधावे लागते.